तीस इंचांचं टेबल

"मिस्त्री, उंची सव्वीस इंच ठेवा."

"ताई, टेबल तीसचंच असतं. सव्वीसचं केलं तर शाळेच्या पोरांचं दिसेल, आणि मागाहून पाय वाढवता येणार नाहीत."

चिंचवडमधल्या एका वन बीएचकेच्या बेडरूममध्ये हे बोलणं चाललं होतं. मिस्त्रींच्या हातात टेप, कानामागे पेन्सिल. ताई खुर्चीत सरळ बसलेल्या, दोन्ही पावलं फरशीवर पूर्ण टेकलेली. त्यांची उंची पाच फूट. त्यांनी कोपर कमरेशी धरून हात काटकोनात पुढे केला आणि म्हणाल्या, "आता फरशीपासून कोपरापर्यंत मोजा बघू." टेपवर चोवीस इंच आले. मिस्त्रींनी पुन्हा मोजलं, तरी चोवीसच. म्हणजे तीस इंचांचं टेबल त्यांच्या कोपरापेक्षा सहा इंच वर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून गेली काही वर्षं त्या रोज आठ-नऊ तास खांदे उचलून टाइप करत होत्या. उजव्या खांद्याचं दुखणं तिथूनच आलंय, असं फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. मिस्त्रींनी वहीत सव्वीस लिहिलं आणि शेजारी 'ताईंच्या सांगण्यावरून' अशी नोंदही केली.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'घर' हा विषय घेतला आणि घरातली कामाची जागा माझ्याकडे आली. फर्निचरच्या दुकानात जाण्याऐवजी काम चालतं ती घरंच बघावीत, असं मी ठरवलं. चिंचवड, डोंबिवली, नागपूर, कुडाळजवळचं एक गाव आणि शेवटी सोलापूर. प्रत्येक ठिकाणी अडचण निराळी होती, पण मुळाशी गेलं की प्रश्न एकच निघायचा: ही जागा कुणाच्या मापाने ठरली?

ओसरीवर येणारी माणसं

घरात बसून काम करणं मराठी घराला नवं नाही. वाड्यात दिंडीदरवाजातून आत शिरलं की ढाळज लागायची. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, निरोप, देणंघेणं तिथेच उरकायचं. वकील दिवाणखान्यात पक्षकारांना भेटत, वैद्य ओसरीवर नाडी बघत. कोकणात हेच काम ओटीवर चालायचं. गादी, लोड, तक्क्या आणि समोर उतरत्या फळीचं बुटकं डेस्क एवढा सरंजाम झाला की कचेरी थाटली. येवल्यात पैठणीचा माग विणकराच्या राहत्या घरातच असतो.

या सगळ्या जागा घराच्या पुढच्या बाजूला असत, कारण त्या कामाला माणसं येत. माजघरापर्यंत परका माणूस जाऊ नये आणि तरी व्यवहार घरातच व्हावा, अशी ती सोय होती. फ्लॅट आला तेव्हा ही सोय गेली. दार उघडलं की थेट हॉल, हॉलला लागून स्वयंपाकघर. काम ऑफिसात होणार, हे घर बांधणाऱ्याने गृहीत धरलेलं होतं.

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि हे गृहीतक एका दिवसात मोडलं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि आयटी सेवांवरची नोंदणीसारखी बंधनं काढली, घरून काम करण्याला कायम वाट करून दिली. जुलै २०२२मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठीही केंद्राने नियम केला. आता बऱ्याच कंपन्यांनी माणसांना आठवड्यातले काही दिवस परत बोलावलं आहे. तरी उरलेल्या दिवसांसाठी घरात जागा लागतेच.

मात्र आजच्या या कामाला दारात कुणीच येत नाही. उलट कुणी येऊ नये, अशी त्याची गरज असते. कुडाळजवळच्या गावात एक तरुण गणपतीच्या आधीपासून घरी येऊन राहिला होता. पुण्यातल्या कंपनीत नोकरी, गावात फायबरची लाइन आलेली. पहिल्यांदा त्याने लॅपटॉप ओटीवर मांडला, कारण हवा तिथे, उजेड तिथे, बसायला बाकही तिथेच. दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं की ओटीवर बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही, ही कल्पनाच गावाला मान्य नाही. कानात हेडफोन असले तरी येणारा प्रत्येक जण विचारणारच, "कधी इलंस?" आणि उत्तर दिलं नाही तर ते घराण्याच्या नावावर जाणार. शेवटी त्याने मागच्या पडवीत, भाताच्या कणगीशेजारी टेबल लावलं. उजेड कमी, पण तिथे कुणी फिरकत नाही. ओटीची रचना उत्तमच आहे, फक्त ती या कामासाठी केलेली नाही.

पावलांपासून वर

बहुतेक घरांत हिशेब टेबलापासून सुरू होतो. टेबल आहे या उंचीचं, मग खुर्ची त्याला जुळेल एवढी वर घ्यायची. शरीराचा हिशेब याच्या नेमका उलट चालतो. आधी पावलं जमिनीवर टेकायला हवीत. त्यावरून बैठकीची उंची ठरते, बैठकीवरून कोपराची, कोपरावरून टेबलाची आणि डोळ्यांवरून पडद्याची. पावलं लोंबकळत राहिली की खुर्चीची कड मांडीखाली रुतते, पाय जड होतात, माणूस नकळत पुढे सरकून कडेवर बसतो आणि पाठीचा टेका सुटतो.

टेका सुटला की काय होतं, हे स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात थेट मोजलं होतं. जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत बारीक सुई घालून त्यांनी आतला दाब नोंदवला. पुढे वाकून बसलं की दाब वाढतो, मागे रेलून टेकलं की उतरतो. पुढे इतरांनी केलेल्या मोजणीतही हा भाग टिकला. म्हणून "ताठ बस" हा लहानपणापासून ऐकलेला सल्ला अपुरा आहे. मागे टेकून बसता आलं पाहिजे, आणि टेकल्यावरही हात कीबोर्डपर्यंत पोचले पाहिजेत.

टेबल बदलता येत नसेल तर जमीन वर आणावी लागते. चिंचवडच्या ताईंनी आधी पायाखाली जेवणाचा पाट घेतला होता. सासूबाईंना ते पटलं नाही. ज्यावर बसून जेवायचं त्यावर पाय ठेवायचा नाही, हे त्यांचं म्हणणं ताईंनाही मान्य होतं. मग मिस्त्रींनीच उरलेल्या प्लायची एक उतरती फळी करून दिली, पुढे चार इंच, मागे सहा. सव्वीस इंचांचं टेबल झाल्यावर ती फळी आता मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली गेली आहे.

लॅपटॉपची अडचण वेगळी. पडदा आणि कळा एकाच बिजागरीला जोडलेल्या. कळा कोपराच्या उंचीवर आणल्या तर पडदा खाली जातो, पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात हवेत जातात. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. याला उपाय एकच: वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यायचा, आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर किंवा स्टँडवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची. घरून काम करणाऱ्याने पहिला खर्च कशावर करावा, असं मला कुणी विचारलं तर मी खुर्चीच्याही आधी या दोन वस्तू सांगेन.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. मुनीमजींच्या डेस्काची फळी उतरती असे, त्यामुळे खातेवही डोळ्यांकडे येई आणि मान कमी वाकत असे. टायपिंगच्या क्लासमधली टेबलं ठेंगणी असत, कारण टाइपरायटरच्या कळा टेबलापासून बऱ्याच वर असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक काढलं. त्यात देशभरातल्या स्त्रीपुरुषांची मापं आहेत. ती सुतारापर्यंत पोचलीच नाहीत. सुताराकडे आहे तो तीसचा आकडा, आणि तो उंच पुरुषाला बरा पडतो.

खुर्चीसाठी मी मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या गल्ल्यांत हिंडलो. ऑफिसांतून निघालेल्या खुर्च्या तिथे ओळीने उभ्या असतात. एका दुकानदाराने आधी बसायला लावलं, मग तपासायचं काय ते दाखवलं. खुर्ची वर घेऊन दोन मिनिटं बसून राहायचं. हळूहळू खाली येऊ लागली तर हायड्रॉलिक गेलंय. पाठ पूर्ण टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. उरली नाही, तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, मग कंपनी कितीही नावाजलेली असो. हात टेकायचे दांडे टेबलाच्या कडेला अडत असतील तर ते काढून टाकायचे. साहेबाची उंच पाठीची खुर्ची उचलायला लोक धावतात, असं तो म्हणाला, आणि लहान चणीच्या माणसाला तीच सगळ्यांत त्रासदायक ठरते.

उभं राहून काम करायची वरखाली होणारी टेबलं आता बाजारात आली आहेत. ती वाईट नाहीत, पण प्रत्येक घरात एक उंच जागा आधीपासूनच असते. स्वयंपाकाचा ओटा साधारण बत्तीस ते चौतीस इंचांचा. पाच फुटांच्या बाईचं उभ्याने कोपर त्याच्या जरा वर येतं. नुसतं ऐकायचं आहे असा दुपारचा कॉल ताई तिथे उभ्याने घेतात, लॅपटॉप डब्यांच्या फडताळात डोळ्यांसमोर ठेवून.

खिडकी, गोधडी, कूलर

डोंबिवलीतल्या नवराबायकोने वास्तुशास्त्राप्रमाणे टेबल पूर्वेकडे तोंड येईल असं लावलं होतं. समोरच पूर्वेची खिडकी. सकाळी दहापर्यंत डोळे दिपायचे, पडदा ओढला की खोलीत अंधार व्हायचा. टेबल उलटं फिरवलं तर खिडकी पाठीमागे येऊन पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडलं असतं आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा दिसला असता. उत्तर दिशाही चालते असं कळल्यावर त्यांनी टेबल काटकोनात वळवलं. आता खिडकी उजव्या हाताला आहे. उजेड बाजूने येतो, श्रद्धाही राखली गेली. खिडकी बाजूला ठेवायची, एवढी एक गोष्ट पाळली तरी डोळ्यांचा निम्मा त्रास टळतो.

पावसाळ्यात मात्र दुपारी तीनलाच दिवेलागण होते. भारतीय मानकाने कार्यालयीन कामासाठी ३०० ते ७५० लक्स प्रकाश सुचवला आहे. या घराच्या हॉलमध्ये एक ट्यूब लावून मी फोनवर मोजलं तर आकडा शंभरच्या आसपास आला. ट्यूब माणसाच्या पाठीमागच्या भिंतीवर होती, म्हणून त्याचीच सावली कागदावर पडत होती. डाव्या हाताला साधा टेबललॅम्प ठेवल्यावर कागदावरचा प्रकाश तिपटीने वाढला.

आवाजाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. खोलीत आपलाच आवाज घुमणं एक, आणि बाहेरचा आवाज आत येणं दुसरं. घुमणं मऊ वस्तूंनी कमी होतं. डोंबिवलीच्या घरात टेबलासमोरच्या भिंतीवर आजीने शिवलेली गोधडी टांगली आहे, लुगड्यांचे थर आणि धावदोरा. ती लावल्यापासून पलीकडचे लोक "विहिरीत बसून बोलताय का?" असं विचारत नाहीत. कुकरची शिट्टी मात्र गोधडीने अडत नाही. तिला वजनदार, फटी नसलेला अडसर लागतो. आपल्याकडची आतली दारं बहुधा पोकळ फ्लशची असतात आणि खाली अर्ध्या इंचाची फट असते. त्या फटीला रबराची पट्टी लावली तर थोड्या पैशात बराच फरक पडतो.

नागपूरला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा खिडकीतला कूलर बंद करून चालत नाही, आणि तो चालू असला की कॉलवर काही ऐकू येत नाही. तिथल्या एका हिशेबनिसाने काढलेली तोड मला फार आवडली. कूलरची हवा आत आली तशी बाहेर जायलाही हवी, नाहीतर खोली दमट होते. त्याने कूलर हॉलच्या खिडकीत ठेवला आणि आपलं टेबल पलीकडच्या खोलीत, जिच्या खिडकीतून हवा बाहेर पडते तिथे लावलं. मधलं दार वीतभर उघडं. हवा त्याच्या अंगावरून जाते, आवाज मागे राहतो.

एसीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. दहा बाय दहाची खोली कडेकोट बंद असेल तर एका माणसाच्या श्वासाने तासाभरात आतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दुपटीहून जास्त होऊ शकतो. दुपारी येणाऱ्या पेंगेचा सगळा दोष जेवणाला देऊ नये. तासातासाने पाच मिनिटं खिडकी उघडावी, आणि तेवढ्यात दूरवर बघून डोळ्यांनाही विसावा द्यावा.

वीज

वीज गेली की इन्व्हर्टर चालू होतो, तरी कॉल तुटतो. बदलाच्या त्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. बहुतेक राउटर बारा व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी तळहाताएवढा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की हा खंड पडत नाही. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेला मनगट लागून मुंग्या आल्यासारखं झालं तर समजावं की अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत तीन पिनचा सॉकेट असतो, पण मागे तिसरी तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती तपासून घ्यावी. टेबलाची जागा ठरवण्याच्या आधी सॉकेट कुठे आहे हे बघावं, म्हणजे वाटेत एक्स्टेन्शनची वायर पायात येणार नाही.

बेल वाजली की कोण उठतं

डोंबिवलीच्या घरात दोघंही आयटीत, पगार जवळपास सारखे. सुरुवातीला तो बेडरूममध्ये दार लावून बसायचा आणि ती जेवणाच्या टेबलाशी. कारण दिलं गेलं ते "त्याच्या मीटिंगा जास्त". तिने एक आठवडा दोघांच्या मीटिंगा लिहून काढल्या. आकडे सारखेच निघाले.

जेवणाच्या टेबलाची खरी किंमत तिने मला बसून दाखवली. तिथून मुख्य दार पाच पावलांवर, गॅस चार पावलांवर. बेल वाजली की तीच उठणार. कुरियर तिने घ्यायचं, सिलिंडरवाल्याला ओटीपी तिने सांगायचा, दूध उतू जाताना तिलाच दिसणार. मुलगा शाळेतून आला की पहिल्यांदा तीच दिसणार. कुणी मुद्दाम तिच्यावर काम टाकलं नव्हतं. ती बसली होती त्या जागेनेच ते तिच्याकडे येत होतं. वर शेजारपाजार आणि नातेवाईक ऐकवायचे, "तू तर घरीच असतेस."

आता दर रविवारी रात्री दोघं आठवड्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावतात. बेडरूमचं टेबल दिवसाआड बदलतं. तो हॉलमध्ये बसू लागल्यावर महिन्याभरात कुरियरसाठी खाली वॉचमनकडे व्यवस्था झाली आणि कुकरला शिट्ट्या मोजणारा टायमर आला. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं. मी पाहिलेल्या घरांत सगळ्यांत मोठा बदल या एका अदलाबदलीने झाला, आणि त्याला रुपयाही लागला नाही.

वेळेची हद्द आखणं मात्र दोघांनाही जमलेलं नाही. तिची टीम न्यूयॉर्कची. तिथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे घेतात, मग तीच मीटिंग आपल्याकडे साडेआठला जाते, नेमकी जेवणाच्या वेळेवर. हिवाळाभर सासूबाई ताट झाकून ठेवतात. टेबलाला दार लावता येतं, पण या तासाचं काय करायचं ते कंपनीने ठरवायला हवं, आणि अजून तरी ते कर्मचाऱ्याच्याच गळ्यात आहे.

सोलापूर: खिडकीची उंची

घरून काम म्हटलं की लॅपटॉप डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी मुद्दाम सोलापूरला गेलो. तिथल्या बायका कित्येक पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. शहराजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत आहे. महिला विडी कामगारांसाठी उभारलेली दहा हजार घरं २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. आपापसात तेलुगू आणि माझ्याशी मराठी बोलत बायका उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, शेजारी दोऱ्याचं रीळ. पान गुंडाळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हिशेब हजार विड्यांवर. खराब ठरलेला माल छाट म्हणून बाजूला काढला जातो, त्याचे पैसे नाहीत.

घरी बसून काम करणाऱ्यालाही कामगार मानणारा कायदा आपल्याकडे विडी उद्योगासाठी १९६६ सालीच झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६मध्ये गृहाधारित कामावर वेगळा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. मालकाची जागा वाचते, विजेचं बिल वाचतं, छपराचा खर्च वाचतो आणि तो सगळा कामगाराच्या घरावर येतो. हे सोलापूरच्या बाईला केव्हाच ठाऊक आहे, चिंचवडच्या ताईला आता कळू लागलं आहे. काही कंपन्यांनी खुर्चीसाठी पैसे दिले. हजार विड्यांच्या दरात उजेडाचे किंवा पाठीच्या टेक्याचे पैसे धरलेले मला कुणी दाखवू शकलं नाही.

सगळ्या उंबऱ्यातच का बसता, घरात का नाही, असं मी एका मावशींना विचारलं. त्यांनी मला आत नेलं आणि भिंतीशी खाली बसायला सांगितलं. खिडकी होती, चांगली मोठी होती, पण तिची खालची कड फरशीपासून तीन फुटांवर. खाली बसलं की उजेड डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर पडतो, मांडीवरच्या सुपात अंधारच. उभ्याने किंवा खुर्चीवर बसून वावरणाऱ्यांच्या मापाने ती खिडकी बसवलेली होती. "इथं पायजे होती बघा," म्हणत मावशींनी बसल्या बसल्या खांद्याजवळ भिंतीवर हात आपटला.

गवंड्याला त्यांनी विचारून ठेवलं आहे. खिडकी रुंद करायची तर वर नवी लिंटेल लागेल, पण नुसती खाली वाढवायची तर जुनी लिंटेल चालते. खालच्या दीड फूट भिंतीवर खिडकीवरचा भार नसतो, तेवढी कापायची आणि जाळी वाढवून घ्यायची. दोन दिवसांचं काम. दिवाळीच्या बोनसमधून ते करायचं, असं मावशींनी ठरवलं आहे. शेजारच्या दोघी आधी त्यांच्या घरात झालेलं बघणार आहेत, मग आपापली भिंत फोडायची की नाही ते ठरवतील.